गोळी टी-फोरची, काम टी-थ्रीचं

दवाखान्यात औषधं संपत जातात, किस्से साठत जातात. २००५च्या आसपास हिंजवडीजवळच्या नांदे गावात माझा दवाखाना होता. तिथे थायरॉईडचेच किस्से इतके साठले, की नर्स शैलाताई म्हणाली, "मॅडम, यांची वेगळी फाईल करू का?"

*

हिंजवडीत आयटीत नोकरी करणाऱ्या अमृताने एकदा रिपोर्ट पुढे केला. "डॉक्टर, तुम्ही गोळी देता टी-फोरची. मग टी-थ्री कसा वाढला?"

मी सांगितलं, टी-फोर या थायरॉईडच्या संप्रेरकावर आयोडीनचे चार अणू असतात. यकृतात, मूत्रपिंडात त्यातला एक निघतो, की झाला टी-थ्री. खरं काम तोच करतो.

"म्हणजे गोळी नुसती इन्स्टॉल होते. रन शरीर करतं."

बाकावर माले गावच्या सखूबाई होत्या. पन्नाशीच्या, चेहरा सुजलेला, गोळी नुकतीच सुरू झालेली. म्हणाल्या, "आमी भात गिरणीत नेतो. तूस निघाल्याबिगार शिजवता येतंय व्हय?"

पुढे मी सगळ्या पेशंटना हेच सांगायला लागले.

*

याच सखूबाईंचा रिपोर्ट काही सुधारेना. डोस वाढवला, तरी नाही. यांच्या शरीरात टी-थ्री बनतच नसेल का? मी आठ दिवस पुस्तकं चाळली.

शैलाताईने एवढंच विचारलं, "मावशी, गोळी कशाबरोबर घेता?"

"कॅल्शियमच्या गोळीसंगं. एकाच घोटात दोनी."

कॅल्शियमला चिकटून टी-फोर पोटातच अडकत होता.

*

गावातले एक आजोबा न्यूमोनियातून उठले. टी-थ्री बराच खाली. मुलगा म्हणाला, "गोळी चालू करा." मी म्हटलं, मोठ्या आजारात शरीर स्वतःच टी-थ्री कमी बनवतं, थांबू या. दीड महिन्याने रिपोर्ट नॉर्मल.

आजोबा म्हणाले, "आंग आपल्यापरीस शानं हाय."

*

कॅल्शियम संध्याकाळी घ्यायला लावल्यावर सखूबाई तीन महिन्यांत पार बदलल्या. तेव्हा त्यांचे मालक पहिल्यांदा दवाखान्यात आले. बायकोला बाहेर बसवून उभ्यानेच विचारलं, "हे दुखणं कवापास्नं असंल?"

"नक्की नाही सांगता येत. पण बरीच वर्षं असावं."

"सकाळी उठवायचं न्हाई तिला. उन्हाळ्यातबी थंडी वाजती म्हनायची. मी आळशी म्हनायचो. चारचौघांत."

ते बाहेर गेले, बाकावरची तिची पिशवी उचलली आणि म्हणाले, "चला."

सखूबाई तशाच आत आल्या. हळूच म्हणाल्या, "बाई, काय सांगितलं यांला? तीस वर्सं 'चल'च म्हनत आलेत."