माणसं पारखणारे माझे भासरे

माझ्या नवऱ्याच्या थोरल्या भावाला, म्हणजे माझ्या भासऱ्यांना, माणसाची फार पारख आहे असं आमच्या भातकुलीकडच्या गावात सगळे म्हणत. कारण ते स्वतःच सगळ्यांना तसं सांगत. दूर कुठे परमुलखात लढाई जुंपली, वऱ्हाडच्या कापसाला कधी नव्हे तो भाव आला आणि अमरावतीच्या बाजारात त्यांचे सौदे बरे जमले. व्यापाऱ्याची मिशी हलली की त्याच्या पोटातलं कळतं, तेव्हा सगळं जगच आपल्याला कळतं, असं तेवढ्यावर त्यांनी ठरवून टाकलं.

घरात मात्र समोरचं माणूस जेवलं की उपाशी आहे, हेही त्यांना सांगावं लागे.

त्या साली चैत्रात त्यांची लहानगी मुलगी देवीच्या रोगाने गेली. भासऱ्यांनी हुकूम सोडला, की घरात पोरीचं नाव काढायचं नाही. नाव काढलं की दुःख वाढतं म्हणे. तिची झबली, तिची चिंधीची बाहुली, सगळं गावाबाहेर नेऊन जाळलं. त्यानंतर ते गाढ झोपू लागले आणि घरही सावरलं असं समजले.

माझी जाऊ, त्या पोरीची आई, बोलेनाशी झाली. काम सगळं करायची, तोंडातून शब्द नाही. भासऱ्यांनी वैद्य आणला, मग भगत आणला. भगत लिंबू कापून कोंबडं घेऊन गेला. कापसाची वेचणी आटोपल्यावर अकोल्याहून सोन्याच्या पुतळ्यांची माळ आली. ओसरीवर पाहुणे बसलेले असताना भासऱ्यांनी ती जावेच्या हातात ठेवली.

"आता तरी हास," ते म्हणाले. "अशी माळ गावात कोनाच्या गळ्यात नाही."

तिने माळ गळ्यात घातली आणि चुलीपुढे जाऊन बसली.

"बायकाइले कितीबी द्या, त्याइचं मन भरत नाही," भासरे पाहुण्यांना म्हणाले. पाहुण्यांनी माना डोलावल्या. त्यांच्याही घरी तेवढीच अक्कल होती.

भासऱ्यांपुढे पदर ओढून, मान खाली घालून वावरावं लागे. त्यामुळे मला माणसांचे चेहरे कमी आणि हात जास्त दिसत. भाकरी थापून झाल्या की जाऊ उरल्या पिठाची एक इवलीशी भाकर करायची आणि ती गाईला घालायची. घरात रोज सगळे ते बघत होते. कुणाला काही वाटलं नाही.

एका दुपारी मी तिच्याजवळ बसले. "बाई, पोरीले भाकर दुधात आवडे का गुळासंग?"

तिचा हात परातीतच थांबला.

"तुपासंग," ती म्हणाली. "दुधावरची साय दिसली का तोंड फिरवे."

मग ती अशी रडली की भासरे गोठ्यातून धावत आले. माझ्याशी ते बोलत नसत, म्हणून माझ्याकडे बोट दाखवून सासूला विचारलं, "कावून रडवून राहिली हे तिले? बरी होती ना ते?"

मीही सासूलाच म्हटलं, पण त्यांना ऐकू जाईल असं, "आत्याबाई, रडू द्या त्याइले. हासवून तर पायलं."

सासू उठून जावेजवळ बसली. मग लेकाला म्हणाली, "तू बाहेर जाय."

त्या दिवसापासून जाऊ बोलू लागली. आधी फक्त पोरीविषयी, मग हळूहळू इतर गोष्टीही. भासऱ्यांनी बाजारभर सांगितलं की माळेचा गुण आला; सोन्याचा गुण यायला वेळ लागतो एवढंच.

पुढे संक्रांतीनंतर जावेने आपणहून सांगितलं, की मूर्तिजापूरला माहेरी जायचं आहे. गाडी जुंपली, ती बसून गेली. भासरे अंगणात उभे होते.

"सनवार नाही, लगन नाही. तिथं काय हाय आता?" त्यांनी आईला विचारलं.

"पोरगी तिथंच झाली होती ना रे," सासू म्हणाली.

"मंग?" भासरे म्हणाले.

सासू आत निघून गेली.