चौथी सीट

उरणच्या आमच्या नाक्यावर तो एकच रिक्षावाला चौथा प्रवासी पुढे आपल्या शेजारी बसवत नसे. "कोपर अडला की हँडल वळत न्हाय," एवढंच म्हणायचा आणि सीटच्या मोकळ्या कडेवर रुमाल पसरून ठेवायचा. कामावर उशीर झाला की मी त्याला मनात शिव्या द्यायचो.

एकदा मागे तिघं बसलेले असताना त्याची आई पिशव्या घेऊन आली. "आये, थांब. एवढी फेरी मारून येतो," म्हणाला आणि निघून गेला.

रांगेतली पुढची रिक्षाही मागे भरली होती. तिच्या रिक्षावाल्यानं सरकून आपल्या शेजारी जागा केली. "या मावशी."

"नको. मी लेकाच्याच रिक्षानं जाईन. उशीर चालंल," म्हातारी म्हणाली.

तिनं नाकारलेल्या जागेकडे मी एक पाय टाकला होता. तो मागे घेतला.