मी फक्त मोजत राहिले

तीन आठवड्यांपूर्वी सकाळची व्यायामाची बॅच सुटता सुटता पद्माक्काच्या मुलीचा, लावण्याचा, फोन आला. "मॅडम, आई गेली... झटका आला." शिट्टी गळ्यात तशीच ठेवून मी घरी आले.

पद्माक्का कारखान्यात टॉवेलच्या कडा शिवायची. शुगर निघाली, डॉक्टरांनी व्यायाम सांगितला, म्हणून ती बायकांसाठीच्या माझ्या बॅचला आली. ऐन मे महिन्यातही काळी सलवार, आणि उठल्यापासून पाण्याचा थेंब नाही. नियम माझाच होता: दोरीवरच्या शंभर उड्या, मध्ये थांबलं की पुन्हा एकपासून. ती चाळीस उड्यांच्या पुढे जायचीच नाही. "दोरी आखूड हाय की मॅडम," एकदा म्हणाली. "नाचता येईना अंगण वाकडं!" मी सुनावलं. सगळ्या हसल्या. तीही हसली.

मग एक दिवस तिच्या पायाखालची फरशी ओली झाली. तिनं घाईघाईनं ओढणीनं पुसली. "बाटली सांडली, मॅडम." बाटली तिनं कधी आणलीच नव्हती. मला लगेच कळलं, कारण माझंही तेच होतं. दुसऱ्या बाळंतपणापासून उडी मारली, जोरात शिंकलं, की थोडी लघवी व्हायचीच. मोजणारी बाई स्वतः कधी उडी मारत नाही, हे कुणाच्या लक्षात आलं नव्हतं इतकंच. शिवाय मी गुपचूप फिजिओथेरपिस्टकडे जाऊन आले होते. लघवी रोखताना आवळतो ते स्नायू आवळायचे, सोडायचे, रोज. मला बराच फरक पडला होता. तिला बाजूला घेऊन एवढंच सांगायचं होतं... मी म्हणाले, "चला, पुन्हा एकपासून." दुसऱ्या दिवसापासून ती आली नाही. मी साधा फोनही केला नाही.

व्यायाम सुटला नसता तर ती जगली असती, असं मी म्हणत नाही. ते कोण सांगणार? पण मी तिची अपराधी आहे, एवढं मला कळतं.

दिवसकार्य झाल्यावर भेटायला गेले. आतल्या खोलीत खिडकीला दोरी अडकवलेली, खाली कारखान्यातलाच जाड टॉवेल. "दार लावून हितं उड्या मारायची," लावण्या म्हणाली. "टॉवेल रोज धुवायची. मॅडमकडं परत जायचंय, आधी हे बरं होऊ दे, म्हणायची." मग चाचरत तिनं विचारलं, "बॅचमध्ये आणखी कुणाला असं व्हायचं का? आईला वाटायचं, आपल्या एकटीलाच हाय."

टॉवेलकडे बघत मी म्हणाले, "नाही गं. कुणालाच नाही."