कुत्री बाळंत होते, घाम मालकाला फुटतो

कोल्हापुरात जनावरांचा दवाखाना काढून मला बारा वर्षं झाली. औषधं संपतात, किस्से संपत नाहीत. त्यातही कुत्रीचं बाळंतपण म्हणजे कहर! डॉक्टर मी, आणि दर वेळी हादरतोही मीच.

*

एका मास्तरांचा फोन आला. "डॉक्टर, घात झाला! आमच्या राणीनं पिल्लू खाल्लं!"

धावतपळत पोचलो. पाचच्या पाच पिल्लं दूध पीत होती. राणीनं खाल्ली होती ती पिल्लांमागनं पडलेली वार. सगळ्याच कुत्र्या खातात, हे मी समजावलं.

मास्तर भिंतीला टेकले. "आणि मी सकाळपासनं हिच्याशी बोललो न्हाय की ओ!"

*

पन्हाळ्याच्या एका लॉजवाल्यानं गाभण कुत्रीसाठी मऊ गादी घातली, वर पंखा लावला. तिनं पिल्लं घातली पुण्याच्या पावण्यांच्या उघड्या बॅगेत! हात लावू देईना. पावणं दोन दिवस एकाच शर्टावर गड बघत हिंडले.

*

पिल्लं व्हायच्या आधी कुत्रीचं अंग थोडं गार पडतं. म्हणून एका वहिनींना शेपटीखाली थर्मामीटर लावून रोज ताप मोजायला शिकवलं. पाचव्या दिवशी त्यांचे मिस्टर कुत्रीला घेऊन आले. "पारा उतरलाय, डॉक्टर!"

"शाबास! हिचा थर्मामीटर वेगळा ठेवलाय ना?"

त्यांनी तोंडाला हात लावला. मग हळूच म्हणाले, "परवापास्नं मला कणकण हाय. घरात एकच हाय ओ त्यो!"

*

आणि कबनूरच्या अक्का! आयुष्य यंत्रमागाच्या खडखडाटात गेलेलं, त्यामुळं साधं बोलणंही ओरडूनच. त्यांच्या चंपीची आधीच्या दोन्ही खेपांची पिल्लं दगावलेली. या खेपेला पोटात एकच, आणि तेही अडलेलं, म्हणून तिला दवाखान्यात आणलेलं.

पिल्लू बाहेर आलं ते निपचित. नाकातोंडातला चिकटा काढला, टॉवेलनं चोळलं, परत चोळलं. पंधरा मिनिटं झाली. चंपी मान वर करून बघत होती. शेवटी मी ते टॉवेलात गुंडाळून ठेवलं. अक्कांकडं बघायचा धीर होईना.

"गेलं, अक्का."

अक्कांनी मला कोपरानं बाजूला सारलं. माझा स्टीलचा ट्रे उचलला, हत्यारं टेबलावर ओतली आणि पिल्लाच्या कानाशी तो ट्रे कात्रीनं ठणाठणा बडवायला लागल्या! बाहेर बसलेली सगळी कुत्री भुंकत सुटली. मी "अक्का, अक्का" म्हणतोय, तोवर टॉवेल हलला. आतून बारीक कुंईं!

मी घाईनं टॉवेल सोडला. अक्कांनी पिल्लू चंपीपुढं ठेवलं आणि माझ्यावर खेकसल्या, "पोर रडंना तर ताट वाजवायचं आस्तंय! कालेजात एवढं बी शिकवलं न्हाय व्हय?"