गॅसदाहिनीसाठी वर केलेला हात

अकोल्यात आमचं घर कचरा डेपोच्या पूर्वेला आहे आणि उन्हाळ्यातला वारा पश्चिमेकडून येतो. वऱ्हाडातल्या माणसाला एवढं सांगितलं तरी पुढचं कळतं. इथल्या उन्हात कूलरशिवाय जगता येत नाही, आणि कूलर बाहेरचीच हवा आत ओढतो. डेपोचा धूर कूलरच्या ओल्या गवतातून गार होऊन थेट आमच्या पलंगावर यायचा. कूलर लावला की बायकोला दम लागायचा, बंद केला की घेरी यायची. गेल्या उन्हाळ्यात तिला दवाखान्यात ठेवावं लागलं. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, असा आणखी एक उन्हाळा हिला सोसणार नाही.

हा डेपो वरून विझतो, आतून विझत नाही. कचरा कुजून त्याच्या पोटात गॅस होतो आणि तो धुमसत राहतो. अग्निशमनची गाडी येते, पाणी मारते, फोटो काढून घेते आणि जाते. दुसऱ्या दिवशी पुन्हा धूर.

म्हणून ‘डेपोतल्या गॅसचं काय करायचं’ हे ठरवायला महापालिकेने नागरिकांना बोलावलं, तेव्हा मी बँकेतून रजा टाकून गेलो. तिथे बघतो तर गावजेवणाचा बेत ठरत असावा तसा उत्साह. कुणाला त्यावर बस चालवायच्या होत्या, कुणाला रस्त्यावरचे दिवे लावायचे होते. माझं डोकंच फिरलं.

“अहो साहेब, आधी विझवा ना थे! माणसं मरून राहिले तिकडं.”

इंजिनिअरने शांतपणे समजावलं. जिथून गॅस काढायचा, तिथली आग विझवून मातीचा थर टाकावाच लागतो. पण गॅसचा उपयोग ठरल्याशिवाय कामाला मंजुरी नाही. बस किंवा वीज म्हणजे सगळा ढिगारा झाकणं आलं, त्याला वर्षं लागतील. राहिली स्मशानात नवी बांधायची गॅसदाहिनी. तिला थोडा गॅस पुरतो, फक्त पूर्वेचा उतार झाकला की झालं. उन्हाळ्याआधी होऊ शकेल.

पूर्वेचा उतार म्हणजे आमचा. सभागृहात कुणालाच हे अभद्र रुचेना. मी हात वर केला, मग हात जोडले. बायकोचं दवाखान्यातलं सगळं सांगितलं. लोकांना कीव आली की भूक लागली होती, कोण जाणे, पण ठराव झाला.

घरी आलो तेव्हा बायको तुरीच्या शेंगा सोलत बसली होती. काय ठरलं ते तिला सांगितलं.

“तुमी मले जगवाले गेलते का जाळाले?” ती म्हणाली आणि हसत सुटली. हसण्याचा खोकला झाला. मला तिचा रागही आला आणि तिला कवटाळावंसंही वाटलं.

“माती पडली की धूर बंद होईल,” मी म्हटलं.

“पडू द्या मंग.”

दाहिनी उभी राहिली. फरशी बसली, चिमणी रंगली, फीत कापली गेली. माती मात्र आली नाही. मातीचं टेंडर म्हणे दुसऱ्या विभागाकडे, तोवर दाहिनी सिलिंडरवर चालणार. मी त्याच इंजिनिअरसमोर जाऊन इतका ओरडलो की शिपायाने मला हाताला धरून बाहेर नेलं आणि पाणी पाजलं. बाहेरच्या बाकावर बसून मी रडलो.

फाल्गुनातच डेपो पेटला. मी तिला मोर्शीला तिच्या भावाकडे नेऊन सोडलं. तिथे संत्र्यांचे बगीचे आहेत, हवा चांगली आहे. नोकरीमुळे मला तिच्यासोबत राहता येईना.

सुरुवातीला फोनवर ती दोन शब्द बोलून थांबायची. मग एके दिवशी भावजयीच्या स्वयंपाकाची तक्रार तिने एका दमात सांगितली, कुठेही न थांबता. ऐकताना माझे डोळे भरून आले.

“अवो, मले आता बरं वाटते. घरी कवा येऊ?”

खिडकीतून समोरची पाण्याची टाकी धुरात दिसत नव्हती. तिने या घरात राहावं म्हणून मी एवढी उठाठेव केली होती.

“येऊ नको,” मी म्हटलं.

ती गप्प झाली. पूर्वी ती गप्प असली तरी फोनवर तिच्या श्वासाची घरघर ऐकू यायची. आता काहीच ऐकू येत नव्हतं.