अव्वानं बसवलं

ह्या सदरात आलेले अतर्क्य अनुभव मी आजवर जेवताना बायकोला मोठ्यानं वाचून दाखवायचो आणि वर हसायचो. म्हणजे कुणाला खोटं म्हणायचं नव्हतं... पण माझा पिंडच तसा नाही. मी डिप्लोमा मेकॅनिकल, शिरोलीच्या एमआयडीसीत मेंटेनन्सला. मशीन बंद पडलं की कारण असतंच, सापडत नसेल तर आपण नीट शोधलेलं नसतं, असं मी नवीन पोरांना शिकवतो. आज मला हे लिहावं लागतंय आणि विषयही असा, की चारचौघांत बोलताना लोक आवाज बारीक करतात. माझ्या मुलीची शी-शू.

मुलगी मृण्मयी, घरात मृणू. तेव्हा साडेतीन वर्षांची. आम्ही कळंब्याला दुसऱ्या मजल्यावर राहतो – मी, बायको श्वेता आणि मृणू. श्वेता स्टाफ नर्स आहे, तिच्या ड्युट्या बदलत्या. त्यामुळे मृणूचं निम्मंअधिक माझ्याकडंच असतं आणि त्याचा मला अभिमान होता. अडीच वर्षांची असतानाच तिचं डायपर सुटलं होतं. ‘बाबा, शू’ म्हणायची आणि स्वतः चड्डी काढून पळायची. नातेवाइकांत मी हे सांगत सुटलो होतो.

मग तिला प्लेग्रुपला घातलं. तिथं दुसऱ्या महिन्यात एकदा तिला वर्गातच शू झाली. तिथल्या बाईंनी सगळ्या मुलांसमोर तिला उभं केलं – ‘एवढी मोठी झालीस, तरी?’ मुलं हसली. हे आम्हाला पुष्कळ उशिरा कळलं. आम्हाला दिसलं ते एवढंच, की आमची शिकलेली पोरगी परत दाराआड, पलंगाखाली, सोफ्यावर शू करायला लागली. बाथरूमचं नाव काढलं की हातपाय ताठ. शी तर चार-चार दिवस दाबून ठेवायची.

आता जे सांगतो ते सांगायला मला आवडत नाही. एका सकाळी फर्स्ट शिफ्टची गडबड, बस चुकायची वेळ आणि तिनं माझ्या इस्त्रीच्या युनिफॉर्मवर शू केली. मी ओरडलो. ‘लाज वाटत नाही?’ म्हणालो आणि हातावर एक फटका दिला. ती रडली नाही. नुसती बघत राहिली.

त्या दिवसापासून तिनं पाणी पिणं सोडलं.

साडेतीन वर्षांच्या पोरीनं हिशोब लावला होता – पाणीच नाही प्यायलं तर शू नाही, शू नाही तर रागावणं नाही. आम्हाला कळायला तीन दिवस लागले. चौथ्या दिवशी ताप आला. लघवीला जंतुसंसर्ग निघाला. डॉक्टर बाईंनी औषधं दिली आणि मला समोर बसवून शांतपणे सांगितलं, “मुलं शिकतात आणि परत मागं जातात. यात तिची चूक नाही. शिक्षा नको, बक्षिसाचं आमिष नको, सारखं मागं लागणं तर नकोच. दर दोन तासांनी सहज विचारा. पाय टेकायला छोटं स्टूल द्या. आणि पाणी – काहीही करून पाणी.”

घरी येऊन मी मृणूची माफी मागितली. खाली बसून, कान धरून. ती म्हणाली, “तू कपडे बदललेस ना?”

आम्ही स्टूल आणलं. प्लेग्रुप बंद केला. विचारायचं ते हसून विचारायला लागलो. पण पाणी ती चमच्यानंच प्यायची, तेही तोंड फिरवत. तीन आठवडे झाले. ताप दुसऱ्यांदा आला, तेव्हा श्वेता – जी वॉर्डात कशालाही डगमगत नाही – स्वयंपाकघरात भिंतीला टेकून उभी राहिली आणि म्हणाली, “अहो, हिला सलाईन लावायची वेळ आणू नका.” मी काय करणार होतो...

तो रविवार होता. जानेवारी संपत आला होता. श्वेता सकाळच्या ड्युटीला गेलेली, चारला येणार होती. दुपारी तीनच्या सुमारास मी बाथरूम घासून धुतलं. पूर्ण फरशी ओली, भिंती खालून हातभर ओल्या. बाहेर येऊन हात पुसतोय तोच मृणू माझ्या शेजारून आत गेली आणि तिनं दार लोटलं. “बाबा, तू बाहेर.”

कडी तिच्या हाताला येत नाही, त्यामुळं काळजी नव्हती. मी दाराबाहेर भिंतीला टेकून खाली बसलो. डॉक्टरांनी सांगितलं होतं, घाई करू नका.

आत ती बोलत होती. एकटी खेळताना मुलं बोलतात तसं. मग ती गप्प झाली आणि दुसरा आवाज आला. बाईचा, वयस्कर, हळू. शब्द कळत नव्हते पण एक सूर होता, लहान मुलाला बसवताना बायका काढतात तसा... शूऽऽ, शूऽऽ. मी मनात म्हटलं, डक्टमधून वरच्या मजल्यावरचा आवाज येतोय. येतो कधीकधी. ऊठसूट घाबरणाऱ्यातला मी नाही. मृणू आतून हसली. किती आठवड्यांनी हसली, ते मला त्या क्षणी आठवेना.

“झालं,” ती म्हणाली.

मी दार उघडलं. ती मोरीच्या जाळीपाशी उभी होती, चड्डी गुडघ्याशी, कोरडी. शू जाळीत गेली होती. आणि ओल्या फरशीवर मला कोरडे ठसे दिसले.

नीट सांगतो, कारण मी ते नीट बघितलेत. भिंतीला लागून एक रुंद कोरडा भाग, कुणी तिथं टेकून बसलंय असा. त्यातून पुढं निघालेले दोन लांब पट्टे. आपल्याकडं बाया पाय पसरून बसतात आणि बाळाला दोन्ही पावलांवर बसवून शी-शूला धरतात ना – तसे दोन पाय. बसणाऱ्याच्या उजव्या पायाचा पट्टा डाव्यापेक्षा वीतभर तोकडा आणि बारीक होता. मला वाटलं, तिकडं उतार असेल. पण उतार डावीकडं आहे, ती फरशी मीच उभं राहून बसवून घेतलीय. मी खाली बसून हात लावला. आजूबाजूची फरशी गार होती. ते पट्टे कोमट होते.

“मृणू, कुणी बसवलं तुला?”

“अव्वानं. पायावर.” मग जणू काही विशेष नाही अशा आवाजात, “बाबा, पाणी दे. अव्वा म्हणाली, नीर कुडी.”

ती दोन पेले पाणी प्याली. दोन. तिसरा मागितला तेव्हा मी तांब्याच तिच्यापुढं ठेवला.

श्वेता आली तोवर फरशी सगळी वाळली होती. तिनं ऐकून घेतलं, माझ्या कपाळाला हात लावला आणि म्हणाली, “तुम्ही झोपा जरा.” तासाभरानं तिनं मला खुणेनं बोलावलं. मृणू बाहुलीला मांडीवर घेऊन थोपटत होती आणि म्हणत होती, “अंजब्याड, अंजब्याड.” श्वेतानं माझ्याकडं बघितलं. शब्द कानडी वाटत होते आणि आमच्या घरात कुणाला कानडी येत नाही. बिल्डिंगमध्येही कानडी बोलणारं कुणी नाही, मी दुसऱ्या दिवशी दारोदार विचारून आलो. मोबाईलवर तिनं काय काय बघितलं, तेही सगळं तपासलं. बडबडगीतं होती, मराठी आणि इंग्रजी.

आमच्यात कुणाचा कानडीशी संबंध असलाच तर आईलाच ठाऊक, म्हणून शेवटी तिला फोन लावला. आई धाकट्या भावाकडं, हातकणंगल्याजवळ गावी असते, चार म्हशी आहेत. मी म्हटलं, “आई, अव्वा म्हणजे कोण?”

पलीकडं धारेची बादली खाली ठेवल्याचा आवाज आला.

“तुला कुणी सांगितलं?” आई म्हणाली.

“आधी तू सांग.”

“गडहिंग्लजला आपुन भाड्यानं ऱ्हायचो, तुझा बा एस.टी.त कंडक्टर हुता तवा. शेजारी एक म्हातारी हुती, एकटी. कानडी बोलायची. सगळी गल्ली तिला अव्वा, म्हंजी आई, म्हनायची. तुला आठवायचं न्हाय, तू तीन वर्साचा हुतास.” आई थांबली. “तुझा भाऊ संभा जलमला आन् तू परत अंथरूण भिजवाय लागलास. दिवसा बी. तुझ्या बानं एकदा तुला लई मारलं. मग तू पानी प्यायचं बंद केलंस. जीभ वाळून कोळसा झालती तुझी. मी बाळंतीण, मला काय सुदरंना. अव्वा यायची, तुला उचलून न्यायची आन् पायावर बसवायची. नीर कुडी म्हनायची – पानी पी. अंजब्याड म्हनायची – भिऊ नगंस. म्हयनाभर केलं तिनं. तिनंच तुला वाचिवलं, खरं सांगायचं तर.”

मी विचारलं, “तिचे पाय कसे होते?”

“तुला पायाचं कसं म्हाईत?” आईचा आवाज बदलला. “उजवा पाय अधू हुता की तिचा. लहानपनापासनं. बारीक, आखूड. हे तर मी कुनालाच बोललेली न्हाय. तुझ्या बाला लाज वाटायची, म्हनून घरात हा विषयच कुनी काढला न्हाय. आपुन गडहिंग्लज सोडलं आन् दोन वर्सांत ती गेल्याचं कळलं.”

म्हणजे मला जी गोष्ट माहीत नव्हती, जी माझ्या आईनं पस्तीस वर्षं तोंडातून काढली नाही, ती माझी साडेतीन वर्षांची मुलगी मला सांगत होती. आणि मी माझ्या बापानं केलं तेच केलं होतं, न शिकवता. ह्या दुसऱ्या गोष्टीची भीती मला पहिलीपेक्षा जास्त वाटली.

पुढचे आठ-दहा दिवस मृणू दार लोटून आत जायची. मी बाहेर बसायचो. आवाज परत कधी आला नाही, ठसे परत दिसले नाहीत. पण दिवसभरात चार-पाच पेले पाणी जायचं, आणि चड्डी कोरडी. शीसुद्धा रोजच्या रोज. एका सकाळी ती दार उघडं टाकूनच आत गेली. मी विचारलं, “अव्वा?”

“गेली.”

“का गं?”

“मला येतंय की आता.”

मी तिथंच दारात बसून रडलो. ती येऊन माझ्या डोक्यावर हात ठेवून उभी राहिली, ओल्या हातानंच.

मार्चमध्ये आईला आणि मृणूला घेऊन मी गडहिंग्लजला गेलो. ती चाळ आता नाही, तिथं हार्डवेअरचं दुकान आहे. दोन-तीन जुन्या लोकांना विचारलं. एकाला पायानं अधू अशी म्हातारी अंधुक आठवत होती, नाव नाही, माणसं नाहीत, फोटो तर नाहीच. दुकानाच्या पायरीला आईनं खाली वाकून हात लावला आणि तो कपाळाला लावला. मीही लावला. मी कशाला लावला, ते मला सांगता येणार नाही. इतकी वर्षं यंत्रं उघडून बघतोय, पण हे कुठून उघडायचं तेच कळत नाही. डक्टचा आवाज धरला तर ठसे उरतात, ठसे सोडले तर शब्द उरतात.

परतीच्या बसचं मात्र सांगायला हवं.

एस.टी. खच्चून भरलेली. संकेश्वर सोडून थोडं पुढं आलो असू. माझ्या मांडीवर बसलेली मृणू एकदम मोठ्यानं म्हणाली, “बाबा, मला शू आलीय.” सगळ्या बसनं ऐकलं. दोन महिन्यांपूर्वी हीच पोरगी तहान मारून बसली होती. मला लाजायला वेळच मिळाला नाही. मी कंडक्टरला म्हटलं, “दादा, दोन मिनिटं थांबवता का?” त्यानं तिच्याकडं बघितलं, दोरी ओढली. बस उसाच्या कडेला थांबली.

आम्ही उतरलो. “तू तिकडं बघ,” तिनं मला सांगितलं. मी तिकडं बघितलं. रस्त्यावरनं ट्रक जात होते आणि मागं पन्नास माणसांची भरलेली बस माझ्या मुलीसाठी थांबली होती. आयुष्यात एवढं ताठ मी कधी उभा राहिलो नसेन.

बसमध्ये चढून ती मधल्या वाटेत उभी राहिली आणि सगळ्यांना सांगितलं, “केली.”

लोक हसले, चांगलं हसले. पुढच्या सीटवरचे पटकेवाले म्हातारबा मला म्हणाले, “पावणं, पोरगी खंबीर हाय तुमची.” मग तिच्याकडं वळून, “कुनी शिकिवलं गं तुला?”

आई माझ्याकडं बघायला लागली. मी मृणूकडं. तिनं जरा विचार केला.

“माझी मीच शिकले,” ती म्हणाली, आणि खिडकीपाशी जाऊन बसली.