पट्टीवरचा नंबर

आमच्या वर्कशॉपमध्ये मोडलेल्या हाडांवर बसवायच्या स्टीलच्या पट्ट्या बनतात. मी त्या तपासते आणि शिंदेकाका त्यांच्यावर नंबर उमटवतात. पट्टीवर स्टेन्सिल ठेवायचं आणि खारट द्रावणात भिजवलेली, विजेच्या तारेला जोडलेली छोटी गादी त्यावर दोन क्षण टेकवायची. करडे आकडे उमटतात. ते बोटाला लागत नाहीत, पुसूनही जात नाहीत.

आज एका पट्टीत भोकाजवळ केसासारखी रेघ दिसली. तडा असेल किंवा नुसता कापडाचा धागा. मी विचार करत असतानाच काकांनी ती उचलली.

"काय मॅडम, काही म्हणालात?"

"नाही."

"तुमचं मौनव्रत सुटणार तरी कधी?" हसत त्यांनी गादी टेकवली आणि पट्टी ट्रेमध्ये ठेवली.

शाळेत उत्तर येत असूनही मी हात वर करत नसे. तेव्हा फक्त माझे मार्क जायचे. ही पट्टी मात्र कुणाच्या तरी मांडीत बसेल, आणि तो माणूस तिच्या भरवशावर पहिलं पाऊल टाकेल. माझं "नाही" त्याला कधीच कळणार नाही.

जेवणाच्या सुट्टीत डबा तसाच झाकून ठेवला. मी उठून काकांकडे गेले.

"काका, तो ट्रे पाठवू नका. त्यातल्या एका पट्टीला बहुतेक तडा आहे."

त्यांचं हसू मावळलं. "कुठल्या?"

मी ट्रेकडे पाहिलं. सगळ्या पट्ट्या सारख्याच होत्या आणि सगळ्यांवर त्या खेपेचा एकच नंबर होता.

काकांनी दिवा माझ्याकडे वळवला. मी पहिली पट्टी भिंगाखाली धरली.